दंडाचा घेर

मी शिवणकाम टीव्हीवरून शिकले असं सांगितलं की आताच्या मुलींना वाटतं, मावशी व्हिडिओ बघून शिकल्या. कुठला व्हिडिओ! गंगाखेडला आमच्या घरात तेव्हा काळापांढरा पोर्टेबल टीव्ही होता. संध्याकाळच्या मालिकेत नायिका पाठमोरी वळली की मी हातातलं लाटणं टाकायची आणि वर्तमानपत्राच्या कडेला तिच्या ब्लाऊजचा गळा पेन्सिलीनं काढून घ्यायची. ती बया उगाच वळायची नाही. रडायला लागली की मात्र हमखास खिडकीकडं तोंड करून उभी राहायची, त्यामुळं सासूनं तिला छळलं की मला मनातून बरं वाटायचं. असे पुष्कळ गळे मी जमवले आणि त्यांच्या जोरावर गल्लीत माझं नाव झालं. त्या काळात पोळ्या बऱ्याच करपल्या, हे आमचे हे अजून चारचौघांत सांगतात.

मग गळ्यांची पुस्तकं आली, ती परभणीहून आणावी लागायची. मग यांच्या खिशात बटणांचा फोन आला. त्याचा मला उपयोग कमी आणि ताप जास्त. आधी गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "झाला का ब्लाऊज?" आणि मी मान वर न करता म्हणायची, "झालाच, हूक तेवढे लावायचेत." कापड अजून गठ्ठ्यात बांधलेलं असायचं. हे तिलाही माहीत असायचं. तरी ती "बरं, सोमवारी येते" म्हणून निघून जायची. फोनवरसुद्धा ही थाप चांगली चालली. पुढं फोटो काढणारे फोन आले आणि बायका म्हणायला लागल्या, "हूकच राहिलेत ना? मंग फोटो टाका की." कुणाला न दुखवणारी एवढी जुनी थाप त्या फोटोनं संपवली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मला स्वतःचा मोठ्या पडद्याचा फोन मिळाला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. आमच्या बाजारात दोरा-बटणं विकणारी एक बाई आहे, तिनं मला शिवणाऱ्या बायकांच्या एका ग्रुपात घातलं. महाराष्ट्रभरच्या बायका होत्या त्यात, शे-सव्वाशे. नियम एकच, पण भारी होता. नवीन बाईनं आल्या आल्या आपण बिघडवलेली एक वस्तू दाखवायची. चांगलं काम कुणीही दाखवील, म्हणे; आधी चूक दाखवा, मग आमच्यात बसा. मी दोन दिवस गप्प राहिले. मग ट्रंकेच्या तळाशी दडवलेला एक परकर काढला. त्याचा नेफा मी दोन्हीकडून शिवून टाकला होता, नाडी घालायला जागाच ठेवली नव्हती. फोटो टाकला आणि फोन पालथा घालून स्वयंपाकाला लागले. परत बघितलं तर सगळ्यांनी आपापली पापं सांगितली होती. कुणी गिऱ्हाइकाची पैठणी इस्त्रीनं जाळली होती, कुणी नवरीच्या ब्लाऊजवरचे मोर डोकं खाली करून लावले होते आणि नवरी तशीच मंडपात गेली होती. मी एकटीच चुलीपुढं बसून हसत होते.

त्या ग्रुपात आम्ही एकमेकींचे चेहरे कधी पाहिले नाहीत. फोटोत फक्त कापड आणि हात असायचे, आणि ओळख दाखवायच्या जागी देवाचं चित्र नाहीतर लेकरू. मी बायकांना हातांवरून ओळखायची. कराडच्या बाईंच्या डाव्या तर्जनीवर कात्रीचा आडवा व्रण होता. जळगावच्या बाई सदा हिरव्या बांगड्यांत. नावंही माझ्या फोनमध्ये तशीच आहेत, जिच्याकडून जे शिकले ते: कोल्हापूर प्रिन्सेस कट, जळगाव अस्तर, कराड कॉलर. कराडच्या बाईंनी मला कॉलर शिकवली ती अकरा फोटो आणि सात आवाजी निरोप पाठवून. शेवटच्या निरोपात मागं त्यांचा कुकर शिट्ट्या देत होता आणि त्या म्हणत होत्या, "ताई, आता नाही जमलं तर मी भात सोडून तिकडं येईन." जमली.

चांगलं दिसलं की गर्दी होतेच. शंभराचे हजार झाले. सकाळी सकाळी गुलाबाची फुलं आणि कपबश्या यायला लागल्या. मग कुणी "दहा दिवसांत फॅशन डिझायनर व्हा" म्हणून क्लास विकायला लागलं. चूक दाखवायचा नियम कधी गेला ते कळलंच नाही. नवीन बायका थेट स्वतःचा सेल्फी टाकायच्या, ब्लाऊज चांगला असायचा, पण विचारावं काय? मग एकदा कटिंगच्या कागदांवरून भांडण पेटलं, हे माझे का तुझे, आणि चालवणाऱ्या बाईनं वैतागून कुलूप घातलं. आता तिथं फक्त तीच लिहू शकते आणि तीही सणावाराला दिवा पाठवते. आम्ही जुन्या बायका आत आहोत, पण तोंडाला पट्टी.

मी त्याचं फार मनाला लावून घेतलं नाही. तोवर रील आल्या. साठ सेकंदांत एक पोरगी कापड टाकते, कापते, शिवते आणि घालून नाचते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला शिव्या दिल्या. नंतर बघितलं की आडवी चेन बसवायची तिची रीत माझ्याहून सोपी आहे, तेव्हा शिव्या परत घेतल्या. गिऱ्हाइकं आता फोन पुढं करतात, "ताई, सेम असाच." पाठीला दोन दोऱ्यांशिवाय काही नसलेला ब्लाऊज. होकार देऊन मी माप घेते. अर्ध्या तासात तिची सासू एकटी येते आणि हळूच म्हणते, "जराशी पाठ झाकू द्या बाई, लोकं काय म्हन्तील." मी दोघींनाही हो म्हणते आणि मधला गळा काढते. दोघी खूश होऊन जातात.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते. यंदाच्या हंगामातलीच आहे.

माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, जवळच्याच एका गावातली बाई. नवरा-बायको दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा हंगाम संपला, म्हणजे त्यांच्या भाषेत पट्टा पडला, की परत येतात. तीन वर्षांपासून मुलगीही बरोबर जाते. तिचं लग्न ठरलं पाथरीकडच्या मुलाशी आणि लग्न धरलं पट्टा पडल्यावर चौथ्या दिवशी. दसऱ्याला निघण्याआधी मायलेकी माझ्याकडं आल्या. शालूचं कापड दिलं, मापाचा ब्लाऊज दिला. मुलीनं फोनमधला एक फोटो दाखवला: आखूड बाही, दंडाला अगदी घट्ट, आणि तिच्यावर गोल फिरवून आरीचं भरतकाम, कोयऱ्या आणि मणी. ही मुलगी एरवी माझ्याशी दोन शब्द बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "मावशी, दुसरं काई बी साधं करा. बाही तेवढी अशी पायजे."

मी हो म्हणून बसले. माघात भरतकामाला कापड काढलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ऊसतोडीहून आलेल्या बायकांचे ब्लाऊज मी दर वर्षी उसवते. चार-पाच महिने कोयता चालवून आणि डोक्यावर मोळ्या वाहून दंड भरतात, कंबर उतरते. साध्या बाहीची शिवण सोडली की काम भागतं. पण भरलेली बाही सोडता येत नाही, मणी फुटतात आणि कोयरी मधोमध फाटते. दंडाचा घेर आधीच बरोबर हवा. ते आल्यावर माप घ्यावं तर हातात तीन दिवस, आणि भरायलाच मला पंधरा लागतात.

त्यात मापाचा ब्लाऊज नीट बघितला. काखेतली शिवण मीच घातलेली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी, आईसाठी. पोरीनं आईचाच ब्लाऊज बाजूनं टाचून मापाला दिला होता. आमच्याकडं ही रीतच आहे. अंगाला टेप लावून घ्यायला बायका लाजतात, ब्लाऊज देतात, त्यावरून ब्लाऊज होतो, त्यावरून पुढचा. या मुलीच्या अंगाचं माप आजवर कुणी घेतलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मला माझाच राग आला.

फोन लावला. त्या तेव्हा सातारा-सांगलीच्या बाजूला एका कारखान्याच्या फडात होत्या. मी आईला सांगितलं, टेप आणून दंडाचं माप पाठव. संध्याकाळी तिचा आवाजी निरोप आला, "ताई, टेप कुठला हितं. ईत लावून बगितली. एक ईत आन् चार बोटं हाय दंड." मी स्वतःची वीत टेपवर ठेवून बघितली. पण तिची वीत माझी थोडीच आहे? दुसऱ्या दिवशी टोळीच्या मुकादमाकडून टेप मिळाला, गवंडी वापरतात तो लोखंडी. तो दंडाभोवती वाकेना. एका निरोपात बारा आले, पुढच्यात साडेचौदा. साडेचौदा ऐकून मी मशिनीवरून उठलेच.

"अगं, पोरीचा दंड हाय का खांब? कशावरनं घेतलं माप?"

"शर्टावरनं की."

ऊस तोडताना त्याच्या वाळल्या पानांचं पाचट हात कापतं, म्हणून बायका साडीवरून बाप्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. मुलीनं बापाचा शर्ट घातला होता, बाही दुमडलेली, आणि आईनं त्या घडीवरून लोखंडी टेप फिरवला होता. मला हसावं का रडावं कळेना. मी म्हणाले, शर्ट काढून घे. तर म्हणाली, "कवा काढू? पहाटंपासून अंधार पडंस्तोर फडात, चारीबाजूनं गडीमान्सं. आन् कोपीत उभं राहायला येत न्हाई."

माप काढायचं एक ॲप असतं, फोनसमोर उभं राहिलं की अंगाचे आकडे देतं, असं मी ऐकलं होतं. तेही करून बघितलं. मुलीनं ते फोनात घेतलं, तर ते म्हणे, घट्ट कपडे घाला आणि कोऱ्या भिंतीपुढं उभ्या राहा. ऊसतोडीच्या तळावर भिंत कुठली आणायची? तिनं पाचटाच्या बुटक्या झोपडीपुढं, म्हणजे कोपीपुढं, फोटो काढला आणि त्या ॲपनं समोर माणूस नाही असं कळवलं.

शेवटी मी मुलीशी बोलले. म्हणाले, बाही साधी ठेवू, काठ लावू सुंदरसा, पुढं कधी भरतकामाचा दुसरा शिवू. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "चालतंय मावशी." हे "चालतंय" तिनं आजवर किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. आईचे टाचलेले ब्लाऊज चालतंय, बापाचा शर्ट चालतंय. फोन ठेवला आणि मला दुपारचं जेवण गेलं नाही. एका मुलीनं आयुष्यात एक बाही मागितली होती, आणि दुनियाभरचे फोन हातात असून मला तिच्या दंडाला टेप लावता येत नव्हता.

तेव्हा त्या कुलूप घातलेल्या ग्रुपाची आठवण झाली. आत लिहिता येत नव्हतं, म्हणून फोनमधली जुनी नावं काढून एकेकीला लावत सुटले. कोल्हापूर प्रिन्सेस कट बंद. सांगली झालर म्हणून लावला तर एक पुरुष बोलला, म्हणाला, नंबर माझा आहे, झालर नाही. साताऱ्याची एक बाई सुनेकडं पुण्याला गेलेली. कराड कॉलरला लावताना मला संकोच वाटत होता, पाच वर्षांत बोलणं नव्हतं. मी नाव सांगायच्या आत पलीकडून आवाज आला, "आवं, परकरवाल्या ताई! कॉलर बसती का नीट?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कारखान्याचं नाव विचारलं, म्हणाल्या, "माझ्यापास्नं तासाभराच्या वाटंवर हाय. परवा गुरुवार, दुकानाला सुट्टी असती. जाऊन येते की."

"अहो ताई, उसाच्या फडात कुठं शोधणार त्यांना?"

"टेप माझ्या गळ्यात असतोय. बाकीचं इचारत जाईन."

गुरुवारी सकाळपासून मी एकही टाका नीट घातला नाही. दुपारी बाराच्या सुमारास मुलीच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. हेल्मेट घातलेली एक गोल चेहऱ्याची बाई घामानं डबडबलेली. मी ओळखलंच नाही. मग तिनं कपाळ पुसायला डावा हात वर केला आणि तर्जनीवरचा व्रण दिसला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत नुसत्या हसलो. "मला वाटलं तुम्ही बारीक असाल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मलाही तुमच्याबद्दल तेच वाटलं होतं.

रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्या आडोशाला आईनं आणि दुसऱ्या एका बाईनं वाकळ धरली. कराडच्या बाईंनी फोन ट्रॉलीच्या कडेवर ठेवला, त्यामुळं मला नुसतं आभाळ आणि उसाचे चार शेंडे दिसत होते. आवाज येत होते. "लाजू नगंस बाळ, मी बी बाईच हाय. हात सैल सोड. आता कोपरात वाकव. आता वर कर." मी पेन्सिल घेऊन कागदावर लिहीत होते. छाती, खांदा, काख. "उजवा दंड अकरा," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "डावा सव्वादहा. थांबा हं, परत घेते." परत घेतलं, तेवढाच आला. "ताई, कोयता उजव्या हातानं चालवती ना, दंडात पाऊण इंचाचा फरक पडलाय. एका मापाच्या बाह्या केल्या तर एक वढंल न्हाईतर एक फुगंल."

मग वाकळेच्या पलीकडून एकीचा आवाज आला, "आमचं बी घ्या की ओ बाई." त्या टोळीतल्या सहा बायकांची मापं कराडच्या बाईंनी तिथंच घेतली आणि मला लिहून पाठवली. मी पेट्रोलचा विषय काढला तर त्यांनी मला झापलं. मला फक्त पोरीचा फोटो पाठवा, बाही घातलेला, एवढंच म्हणाल्या.

मी दोन बाह्या दोन मापांनी कापल्या. भरतकामही दोन हिशेबांनी करावं लागलं: उजवीकडं कोयऱ्या मोकळ्या, डावीकडं जराशा जवळजवळ, म्हणजे बघणाऱ्याला जोडी वाटावी. सतरा दिवस लागले. एवढं मन लावून मी माझ्या लेकीच्या लग्नातलंही शिवलं नाही, आणि हे ती वाचेल म्हणून घाबरून मी खोटं लिहिणार नाही.

पट्टा पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी जीपमधून उतरून थेट माझ्याकडं आल्या. मुलगी उन्हानं काळवंडली होती, बोटांना चिरा पडल्या होत्या. पडद्यामागं जाऊन तिनं ब्लाऊज घातला आणि बाहेर येऊन आरशापुढं उभी राहिली. बाही दंडाला बसली होती, कुठं सुरकुती नाही. उजवा हात तिनं सावकाश वर नेला, डोक्यावर मोळी घेताना नेतात तसा, आणि तिथंच थांबली. तिचे डोळे मिटलेले होते. मला कळलं, ती काखेतली शिवण उसवण्याची वाट बघत होती. आजवर तिचा प्रत्येक ब्लाऊज तिथंच उसवला होता. शिवण हलली नाही. मग तिनं डावा हात वर नेला.

"मावशी," ती म्हणाली, "कुठंच वढंना."

आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "काढ आता, घामानं खराब हुईल." मी तिला गप्प बसवलं आणि फोटो काढून कराडला पाठवला. तिकडून लगेच एक लांबलचक आवाजी निरोप आला. त्यात बोलणं कमी आणि नाक ओढणं जास्त होतं. तो आम्ही तिघींनी दोनदा ऐकला.

निघताना मुलगी दारातून परत आत आली. मशिनीच्या टेबलावर काचेखाली मी तो मापाचा कागद ठेवला होता, पेन्सिलीनं घाईघाईत लिहिलेला, खाडाखोड झालेला. त्याकडं बोट दाखवून तिनं विचारलं, "हे मला देता का मावशी? तिकडं पाथरीला दुसरी शिवणारी आसंल. तिला दावते."

मी नवा कागद घेतला आणि सगळी मापं शाईनं नीट उतरवून दिली, उजवा दंड वेगळा, डावा वेगळा. वर तिचं नाव लिहिलं. इतकी वर्षं तिच्या कापडाच्या गठ्ठ्यावर मी तिच्या आईचंच नाव लिहीत आले होते. तिनं कागदाची घडी केली आणि आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिली.